शब्दाचा पक्का

आमच्या सेवान सरोवराकाठच्या गावाचे वर्दगेस मेलिकसेत्यान तीस वर्षे संसदेत होते. त्यांनी पद सोडले त्या दिवशी गावाने चौकात ढोल-सनई आणून निरोपाचा सोहळा मांडला. वर्दगेस मात्र दुखरे गुडघे धरून बाकावर बसले होते आणि त्यांना एकच चिंता ग्रासत होती. कबूल केलेला रस्ता झाला नव्हता, पाणीही आले नव्हते. 'याचा एकही शब्द खरा ठरला नाही,' असेच गाव आपल्यामागे म्हणणार.

शेजारी काठी टेकून बसलेल्या नव्वदीच्या शोघिकआजींना अखेर त्यांनी विचारले, "आजी, खरं सांग, मी दिलेला एक तरी शब्द पाळला का गं?"

"पाळलास की, जान. मतं मागायला यायचास, तेव्हा माझा हात धरून काय म्हणायचास?"

"ते तर आपल्याकडे सगळेच मायेनं म्हणतात. 'तुझं दुखणं मी घेतो.'"

"म्हणतात सगळेच रे. घेतलंस मात्र तूच," असे म्हणून आजींनी आपली काठी त्यांच्या हाती ठेवली आणि त्या नाचणाऱ्यांच्या रांगेत शिरल्या.