चावी नको

“सोमवारी जंगम आपल्या दारातनं रिकामा जाऊ द्यायचा न्हाई, गुरम्मा. घरात काय असंल ते, पसाभर का हुईना, झोळीत पडलं पाहिजे.”

यजमान मलप्पा गेले, त्यांचं सांगणं राहिलं. आत्ताही उंबऱ्याच्या आत बसून गुरम्मा तेच ऐकत होत्या. सकाळची लिंगपूजा झालेली, कपाळावर भस्माचे पट्टे. समोर निहालसिंग चावीवाला त्यांच्या सागवानी दाराला नवं कुलूप बसवत होता.

उद्या सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला जायचं होतं. घर पहिल्यांदाच बंद राहणार, म्हणून मुलानं, रविकिरणनं, हे हाय सिक्युरिटी कुलूप पाठवलं होतं. किल्ली फिरवली की दारातून जाड दांडे निघून चौकटीत घुसायचे. ते बसवणारा माणूस मात्र गुरम्मांनी शोधला होता. इतवारा बाजारात, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी निहालसिंगचा गाडा लागायचा.

रविकिरणचा फोन स्पीकरवर होता.

“आई, कंपनीचा माणूस बोलवला असता तर काय बिघडलं असतं?”

“तो हैदराबादहून येणार. हे सरदारजी हाकंच्या अंतरावर हायत.”

“मग काम होईपर्यंत तिथून हलू नको. आणि किल्ल्यांचं पाकीट त्याला फोडू देऊ नको.”

गुरम्मांना कानकोंडं झालं. निहालसिंगनं शेवटचा स्क्रू आवळला, भुसा फुंकून टाकला आणि सीलबंद पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“बराबर बोलून राहिले साहेब. पाकीट तुम्हीच फोडा, माय. चावी तुम्हीच फिरवा.”

एवढं बोलून तो दाराकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

“हे काय, सरदारजी?”

“आमची रीत हाय. मालकीण पहिल्यांदा चावी फिरवती तवा चावीवाल्यानं पाठ करायची. एकदा नीट बघितली की चावी आमच्या हातात उतरती, माय. मग विसरू म्हणलं तरी विसरत न्हाई.”

गुरम्मांनी किल्ली फिरवली. दांडे खाडकन् बाहेर आले. फोनमधून रविकिरण म्हणाला, “व्वा, इथवर आवाज आला.” त्यांनी हसून फोन ठेवला.

मग एक किल्ली रुमालात बांधली आणि त्याच्या पाठीमागूनच हात पुढं केला.

“ही तुमच्यापाशी राहू द्या. सोमवारी आमचे गुरू चन्नबसय्या जंगम भिक्षेची झोळी घेऊन येतात. शेजारी कुणी उरलं न्हाई, दोन्ही अंगाला गोदामं झाली. तुम्ही दार उघडा, पसाभर जवारी झोळीत घाला, दार लावा. माझ्या माघारी एवढं करा.”

निहालसिंग वळला नाही.

“न्हाई, माय.”

“माझा इस्वास हाय तुमच्यावर.”

“तुमचा हाय, ठाऊक हाय मला. पण कुणाच्या घराची चावी आमच्या घरात रात्र काढत न्हाई. माझ्या बापानं काढू दिली न्हाई, आज्यानं न्हाई. ह्या इतवाऱ्यात निम्म्या दारांना आमच्या हातची कुलपं हायत. आन् आमच्या घरात एक चावी सापडायची न्हाई.”

बोलताना त्याची मान ताठ होती. आवाज चढला नव्हता.

गुरम्मांचा हात खाली आला. जप करावा तितक्याच हळू आवाजात त्या म्हणाल्या, “मग मी पुण्याला जात न्हाई.”

“नातवंड येऊन राहिलं, आन् तुम्ही इथं?”

“शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“रविकिरणच्या बापाला.”

समोरून हमाल पोत्यांचा गाडा ढकलत गेले. ते वळणापलीकडं जाईपर्यंत निहालसिंग बघत राहिला.

“चावी नको,” तो म्हणाला. “जवारी द्या.”

गुरम्मांना क्षणभर उमगलं नाही.

“दार बंद असंल, माय. दारात मी असंन.”

त्या उठल्या. आतून पितळेचा डबा काठोकाठ भरून आणला. दाराशी येऊन थबकल्या.

“माझ्या हातानं चालंल का जंगमाला?” निहालसिंगनंच विचारलं.

“जवारी घरची हाय. हात पण घरचाच समजतील. मी कळवते त्यास्नी.”

“मग चावी कमरंला खोचा आधी.”

“खोचली.”

तेव्हा कुठं तो वळला, आणि डबा घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढं केले.

सोमवारी सकाळी निहालसिंगनं न्हाऊन धुतलेली पगडी बांधली. अवजारांची पेटी कोपऱ्यातच राहू दिली.

“आज धंदा न्हाई?” बायकोनं विचारलं.

“दुपारून.”

त्यानं फळीवरचा डबा उतरवला, झाकण घट्ट आहे का पाहिलं, आणि तो दोन्ही हातांत धरून अजून न उघडलेल्या दुकानांपुढून इतवाऱ्याच्या वाटेला लागला.