मालिकेतल्या चुका

रविवारी संध्याकाळी अणुवीज प्रकल्पावरची मालिका लागली, की गुनवोर घाबरायची. स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या घरातून खरा प्रकल्प दिसायचा आणि तिचा नवरा होकन तिथेच बावीस वर्षं नोकरीला होता.

तो मात्र कॉफी पीत दर भागातल्या चुका काढायचा. "असलं बटण आमच्याकडे नाहीच. आणि भोंगा असा वाजतो होय? लिहिणाऱ्यानं प्रकल्प लांबूनसुद्धा बघितलेला नाही."

त्या चुका ऐकल्या, की तिला शांत झोप लागायची.

आजच्या भागात अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपला तडा गेलेला सापडला. साहेबांनी दार लावून घेतलं आणि पिवळी हेल्मेट घातलेल्या चौघा तंत्रज्ञांना बजावलं, "हे घरीसुद्धा बोलायचं नाही." चौघांनी माना डोलावल्या.

होकननं एकही चूक काढली नाही. त्याची कॉफी तशीच निवली.

"अरे, आज काय चुकलं ते सांग ना," गुनवोर म्हणाली.

त्यानं कप खाली ठेवला.



"हेल्मेटचा रंग तेवढा," तो म्हणाला. "आमची पांढरी असतात."