वाटणीतला ट्रॅक्टर

थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, अशी गावची रीत. उत्तरेश्वरनं एका वाट्यात बैलजोडी ठेवली, दुसऱ्यात जुना छोटा ट्रॅक्टर. वर धाकट्या अजिनाथला म्हणाला, "आज्या, ट्रॅक्टर चार वर्सं बंद हाय. तू आपला बैलच घे."

अजिनाथच्या मनात पाल चुकचुकली. दादाला एवढी माया कधीपासून आली?

दादा बाजाराला गेलेला बघून त्यानं केजहून मिस्त्री आणला. मिस्त्रीनं डिझेलच्या नळीतली हवा काढली, चावी फिरवली आणि इंजिन धडधडायला लागलं.

"बंद कोण म्हणतंय बे? बॅटरी कोरी हाय, ऑईल बी ताजं. कुणीतरी नुकतंच काम केलंय ह्याच्यावर."

घ्या! म्हणजे दादानं स्वतःसाठीच तयार करून ठेवला, आणि आपल्या गळ्यात बैल.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर अजिनाथनं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली. "हा माझा!"

आता दादाचं तोंड कसं पडतंय, ते तो टक लावून बघत राहिला.

उत्तरेश्वर बैलांचे कासरे सोडता सोडता हसला. "चालू हाय म्हणलो असतो, तर घेतला असता का तू?"