चिमूटभर काळी पूड

चार वर्षं तिने त्या चिमूटभर काळ्या पुडीपायी रक्त आटवलं होतं. धातूचे डोळ्यांना न दिसणारे कण. ते बोटाएवढ्या पोलादी नळीत भरायचे, नळी प्रयोगशाळेतल्या त्या जुनाट, आतून कधीच पुरतं न धुतलेल्या, आधीच्या प्रयोगांचे धातू चिकटून राहिलेल्या यंत्रात बसवायची आणि एका बाजूने कच्चं औषध नि हायड्रोजन सोडायचा. पुडीच्या जोरावर हायड्रोजनने औषधाच्या रेणूच्या एकाच जागी चिकटायचं, दुसऱ्या जागेला हात लावायचा नाही, एवढंच तिचं मागणं. पण तो मेला दरवेळी दोन्हीकडे तोंड मारायचा.

"आज नाही जमलं, तर उद्यापासून यंत्र दुसऱ्या गटाला. माझे हात बांधलेत गं," सरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. घरी आई देव पाण्यात घालून बसली होती. इकडे तिने टेबलावरच्या नळ्यांतली एक घाईघाईने उचलून बसवली आणि झडप उघडली.

दुपारी तपासणीचा आलेख आला. हव्या त्या औषधाचा एकच सुळका, भेसळीचा मागमूस नाही! "जिंकलीस पोरी! तुझ्या पुडीने करून दाखवलं!" सर ओरडले आणि अख्ख्या विभागाला सांगत सुटले. तिने रडत रडत फोन लावला, "आई, माझी पूड चालली गं!"

डोळे पुसून ती टेबल आवरायला वळली.



पुडीने ठासून भरलेली नळी तिथेच पडली होती. यंत्रात तिने रिकामी बसवली होती.