टरफलांचा कालखंड

“अमूर्त कलेचा उगम स्वयंपाकघरातच आहे!” बापूरावांनी जाहीर केलं आणि आमटीसाठी काढलेली तूरडाळ डिंक लावलेल्या पुठ्ठ्यावर ओतली.

त्या रात्री बाप-लेकीने दही-भात खाल्ला.

ही गोष्ट दिवाळीतली. मग मसूर झाली, मोहरी झाली, साबुदाणा झाला. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, उत्कर्षाचे बाबा डिंकाला लागले होते.

संक्रांतीनंतर मात्र त्यांनी डब्यांना हात लावणं सोडलं. आता कांद्याची सालं, शेंगांची टरफलं, चहाचा चोथा.

“डाळीचा कालखंड संपला,” ते म्हणाले. “हा टरफलांचा.”

“आमटीचं नशीब,” उत्कर्षा म्हणाली.

जास्त विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं. खराडीच्या कंपनीने जानेवारीतच मंदीचं कारण सांगून तिला घरी बसवलं होतं. ती घरी बसली मात्र नव्हती. बाबांचं हृदय नाजूक, आणि लेकीची कंपनी त्यांनी सोसायटीभर मिरवलेली. त्यांना कळता कामा नये. रोज सकाळी ती डबा घेऊन निघायची, चौकातून उलटी वळायची आणि बिबवेवाडीच्या वाचनालयात दिवसभर नोकरीचे अर्ज लिहीत बसायची. बाबांनी ऑफिससाठी दिलेलं चित्रही तिने तिथल्याच शिपायाच्या, महिपतीच्या हवाली केलं होतं. त्याने ते वर्तमानपत्रांच्या टेबलामागे टांगलं.

संध्याकाळी ती आली, चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

“दमलीस?”

“काम फार आहे, बाबा.”

“चित्र लावलं का गं?”

“कधीच. रिसेप्शनला.”

“साहेब काय म्हणाले?”

“खोल आहे म्हणाले.”

“म्हणजे कळलं नाही,” बापूरावांनी तिच्यापुढे चहा ठेवला. “सरळ टांगलंय ना? चोथा खाली, टरफलं वर.”

“अमूर्ताला वर-खाली असतं होय?”

“असतं. माणसाला असतं तसंच.”

उत्कर्षाने चहा संपवला. गाळणीतला चोथा बापूरावांनी अलगद वाटीत काढून घेतला.

“उद्या लवकर निघेन,” ती म्हणाली. “मीटिंग आहे.”

“बरं.” ते पुठ्ठ्यावर डिंक पसरत राहिले. “मी रविवारी स्टूल मागितलं, तर दिलं नाही मेल्याने. तू पोचलीस की महिपतीला तेवढं चित्र सरळ करायला सांग.”