खालून आलेला फोन

भोंगा थांबला, पण गल्लीत कोणी कोणाशी बोलेना. शिंपिणीने मशीनवरचा पाय काढून घेतला. सुई कापडात तशीच रुतून राहिली आणि ती भिंतीवरच्या फोनकडे पाहत बसली.

गल्लीतला खाणीचा फोन तिच्याच दुकानात होता. त्याचे दुसरे टोक जमिनीच्या पोटात होते. जिथून लोखंडी पिंजरा माणसांना घेऊन वर निघतो, तिथे. रोज पाळी सुटली की खालून मुकादम एकेकाचे नाव घेई आणि म्हणे, ‘वर गेला.’ ती दारात येऊन तेच दोन शब्द गल्लीत भिरकावी, आणि त्या त्या घरात अंघोळीच्या पाण्याखालचा जाळ मोठा होई. तांब्याची धूळ गार पाण्याला दाद देत नाही. या गावात ते दोन शब्द ऐकून बायका केस सारखे करीत.

आज पाळी अर्ध्यावर असताना भोंगा झाला होता. खालच्या थरात छत कोसळले होते. तिचा नवरा सुरुंग लावणारा. त्याचे काम नेमके त्याच थरात.

तासाभराने फोन वाजला.

“हॅलो?”

काही क्षण नुसती घरघर ऐकू आली. “सुरुंगवाल्यांच्या घरी बोलतोय का मी?” आवाज मुकादमाचा नव्हता. मऊ होता, दमलेला होता.

“मी त्यांची बायकोच बोलतेय. सांगा ना!”

“ताई... ते वर गेले.”

“गेले? नक्की?”

“हो. मी त्यांच्याजवळच होतो.”

“लागलं-बिगलं तर नाही ना काही?”

“त्रास असा... नाही झाला त्यांना.”

ती एकदम हसली. डोळ्यांतून पाणी येत असताना हसली. “तुमच्या तोंडात साखर पडो, भाऊ!”

 पलीकडे फोन खाली ठेवला गेला.

“सासूबाई, वर गेले!” ती आतल्या अंगाला ओरडली, मग दारातून गल्लीला. समोरच्या घरातली उंच बाई कठड्याला घट्ट धरून उभी होती. “आणि आमचे गं?”

“येईल, येईल. आमच्यांना आधीपासूनच पुढे पुढे करायची सवय!”

आणि फोन खरोखरच येत राहिले, आता मुकादमाच्या घोगऱ्या आवाजात. लंबू वर गेला. मास्तर वर गेला. दोघे भाऊ वर गेले. प्रत्येक नावासरशी एकेक दार उघडत होते. एकदा तिने घाईने विचारून घेतले, “मुकादमकाका, आमचे निघाले का हो फाटकातून?”

“तुम्हाला फोन आला होता ना, वहिनी?”

“आला की! सगळ्यांत आधी.”

“मग... बरं,” मुकादम म्हणाला, आणि त्याने फोन ठेवून दिला.

आत सासूबाईंनी हंडा शेगडीवर चढवला होता. “डॉक्टरलाही खाली उतरवलंय म्हणे,” त्या गुडघा चोळत म्हणाल्या. “तो नवा, मखमली जिभेचा. तो काय करणार खाली? परवा मला म्हणतो, आजी, गुडघे जरा थकलेत. अरे, गंजलेत म्हण की सरळ!”

“बोलतो तरी गोड.”

“तुझ्या नवऱ्यासारखं खेकसत नाही, असं म्हण.”

“आज खेकसू दे,” ती म्हणाली. “आज काहीही करू दे. पण उद्यापासून वरचंच काम मागायचं. दिवे पुसायचे, दोर तपासायचे, काहीही. मी पाय धरीन साहेबांचे.”

“वरचं काम रात्रपाळीचं. दिवसा तुझ्या मशीनच्या खडखडाटात झोप येणार नाही म्हणतो तो.”

“मशीन बंद ठेवीन.”

पाणी उकळले. वाफेने खोली भरली आणि हंड्याच्या काठावर संध्याकाळचे तांबूस ऊन टेकले. ती शेगडीपाशी बसली, आणि तिचा डोळा अर्धवट मिटला. तिला वाटले, हे सारे गाव एका पोकळीवर पसरलेल्या चादरीसारखे आहे. खालून कोणी श्वास घेतला की घरे अलगद उचलली जातात. त्या पोकळीतून हिरवट पाण्याचे ओघळ बाजूला सारीत पिंजरा वर येतो आहे, वर येतो आहे, आणि त्यात तो एकटाच उभा आहे, स्वच्छ, अंगावर धुळीचा कणही नसलेला. हा असा कसा, आता या पाण्याचे काय करायचे, असे तिला स्वप्नातच वाटून गेले.

गल्लीतल्या पावलांनी ती जागी झाली. लंबू आला. मास्तर आला. समोरची बाई नवऱ्याच्या धुळकट छातीवर डोके ठेवून उभी होती. दोघे भाऊ शिंपिणीच्या दारावरून गेले, पण त्यांनी मान वर केली नाही.

“पाणी निवलं,” ती आत येऊन म्हणाली.

“फाटकापाशी गप्पा छाटत बसला असेल. पुन्हा तापव.”

तिने पुन्हा तापवले. टॉवेलाची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग दारात सावली पडली आणि ती ओले हात पदराला पुसत धावली.

दारात नवा डॉक्टर होता. कानशिलांपर्यंत धुळीने माखलेला. त्याच्या मागे मुकादम होता, आणि मुकादमामागे अर्धी गल्ली. साऱ्यांची हेल्मेटे हातात होती.

“या, डॉक्टर,” सासूबाई आतून म्हणाल्या. “आमचा कुठे राहिला हो? पाणी दोनदा तापवून झालं त्याच्यासाठी.”

डॉक्टरने वाफेकडे पाहिले, टॉवेलाकडे पाहिले. मग त्याने तिच्याकडे पाहिले, आणि बोलला तेव्हा आवाज तोच होता, मऊ आणि दमलेला.

“ताई, मघाशी फोनवर मला ‘वारले’ म्हणवलं नाही.”