फौजदारांचा संशय

अकादमीसाठी टेनिसची पोरं निवडणाऱ्या कोचना सगळे पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत, कारण त्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. आजची ही बारा वर्षांची पोरगी तर संशय यावा इतकी चांगली खेळत होती. तिच्यापेक्षा हातभर उंच मुलीला तिनं कोर्टभर पळवून रडकुंडीला आणलं होतं. आणि कठड्याशी उभा असलेला तिचा बाप दर पॉइंटआधी टोपी काढत होता, पुन्हा घालत होता.

‘खाणाखुणा चालल्यात. कुठंतरी पाणी मुरतंय,’ फौजदार मनाशी म्हणाले. तुमची गाडी वाटेत उभी आहे असं सांगून त्यांनी बापाला बाहेर पिटाळलं.

बापाची पाठ वळली आणि पोरगी ढेपाळली. हातातले सोपे चेंडू जाळीत जायला लागले. ‘सापडला चोर!’ फौजदार खुशीत तिचं नाव खोडणार, तेवढ्यात त्यांची नजर जाळीवर अडकली. चुकलेला प्रत्येक चेंडू पांढऱ्या पट्टीखाली नेमका त्याच एका जागी आपटत होता. एवढं नेमकं कुणाला चुकता येतं?

त्यांनी तिला जाळीपाशी बोलावलं. “मुद्दाम हरतेयस ना? खरं सांग.”

पोरीनं आधी फाटकाकडे पाहिलं. मग सकाळपासून पहिल्यांदाच हसली आणि हळूच म्हणाली, “सर, बाबा समोर असले की जिंकावंच लागतं. ते येईपर्यंत अजून एक गेम हरू द्या ना.”